छत्राचा चौथा दांडा

ओबरलिंडाख, २ जून

चि. कोर्बिनियन यास वालबुर्गाताईचा आशीर्वाद. रागात आहे, म्हणून एकच.

तुझ्या पक्षशाखेचं पत्रक रविवारी चर्चच्या दारातच वाटलं गेलं. वर ‘आपला वारसा जपा’, खाली मागणी, की चर्चमध्ये आसऱ्याला असलेल्या निर्वासित तेस्फायला पोलिसांनी उचलावं. सही शाखाध्यक्षांची, म्हणजे तुझी! ज्या देशात त्याला मारहाण झाली तिथेच परत धाडणार, हे तुला ठाऊक आहे. बोस्नियाच्या लढाईतून पळालेलं कुटुंब आलं तेव्हा याच शाखेचे अध्यक्ष आपले बाबा होते. बिअरच्या टेबलावर मूठ आपटून ते म्हणाले होते, चर्चचं दार उघडं ठेवणारा तोच सनातनी, बाकीचे नुसतेच म्हातारे.

गुरुवारच्या सणाच्या मिरवणुकीत पाद्रीबाबांवर चौघे मिळून जे छत्र धरतात, त्याचा चौथा दांडा बाबांनंतर तू धरतोस. यंदा तेस्फाय धरेल. चर्चची व्यवस्था माझ्याकडे आहे, तक्रार माझ्याकडेच कर.

तुझी,
वालबुर्गाताई

४ जून

ती. ताईस सा. न. राग इकडेही आहे.

तो दांडा आपल्या घराण्याचा मान आहे, तुझी झाडणी नव्हे, की हवी त्याच्या हाती दिली. पक्षाचे जिल्ह्याचे साहेब म्हणतात, लोक आपल्याहून कडव्यांकडे पळताहेत, त्यांना थोपवायचं तर कडक बोलावंच लागेल. बाबांच्या काळी मतं न मागता पडत, त्यांना मूठ आपटणं सोपं होतं. आणि मिरवणूक माझ्या दारावरून, शेतांतून जाते. चर्चच्या आवारात पोलीस शिरत नाहीत, पण रस्त्यावर वाहनं अडवायला दरवर्षी उभे असतात. तू त्याला वाचवते आहेस की त्यांच्या हाती देते आहेस?

साहेब येणार आहेत. माझं नाक कापू नकोस.

तुझा धाकटा,
कोर्बिनियन

७ जून

चि. कोर्बिनियन यास,

मिरवणूक आवाराबाहेर नेलीच नाही, हे तू भिंतीपलीकडून पाहिलंस. कबरींमधून फेऱ्या घातल्या. तुझ्या दारातली फुलं वाळली, पोलिसांनी अडवायला वाहन नाही म्हणून टोप्या काढून हात जोडले. शतकांची परंपरा मोडली, असं तू ओरडलास. मोडली. मला आनंद झाला नाही. माणूस जाऊ द्यायचा की वाट बदलायची, एवढंच हाती होतं.

पण बाबांच्या कबरीपाशी वारा सुटला, तेस्फायच्या हातातला दांडा कलला, तेव्हा तू भिंतीवरून हात पुढे केलास. मग साहेबांकडे पाहिलंस आणि हात खिशात घातलास. पत्रकाचं मी समजू शकते, लोक पोटासाठी काय काय लिहितात. त्या हाताचं नाही. पाद्रीबाबा म्हणाले, भाऊ आहे, क्षमा कर. मी म्हटलं, भाऊ आहे म्हणूनच नाही.

तेस्फाय आत सुखरूप आहे. तुला दांडा कसा पेलायचा ते विचारायचंय, म्हणतो. वाऱ्यात कुठला पाय पुढे ठेवायचा, ते गावात तुलाच कळतं. मी त्याला सांगितलं, माझ्या भावाला येतं, पण तो येईल की नाही, ते त्याच्या साहेबांना विचारावं लागेल.

लोभ मागत नाही. भिंतीच्या आत ये, मग बघू.

वालबुर्गा