ऑर्विलसाठी माणूस शोधताना

४ मार्च
ऑर्विल आजही गॅरेजमध्येच! जानेवारीत बर्फावरून तो चालवायचा ती शाळेची बस रस्त्याकडेच्या चरात घसरली. पोरं सगळी सुखरूप — एकीनं तर ‘पुन्हा एकदा!’ म्हणून टाळ्या पिटल्या. पण हा अजून तिथंच अडकलाय. बस सोडली, आपली गाडीही चालवत नाही. झोप नाही. आज म्हणाला, “आर्डिस, मी बरा आहे.” बरा नवरा बायको सोडून खिळ्यांच्या डब्याशी बोलतो का!

७ मार्च
दवाखान्यातली नर्स म्हणाली, परवाना असलेली क्लिनिकल सोशल वर्कर शोधा — मनाचं दुखणं बोलून हलकं करतात. मी म्हटलं, सोशल वर्कर म्हणजे पोरं घेऊन जातात त्या ना? आमची पोरं पन्नाशीला आली, नेईनात का! हसून हसून वाकली बिचारी.

१२ मार्च
चर्चच्या तळघरात कॉफी पिताना शेजारच्या लव्हर्नला हळूच विचारलं. लव्हर्नला हळूच विचारणं म्हणजे गावभर दवंडी! तिनं एका बाईचं नाव दिलं — कपाळावर रंगीत दगड ठेवते म्हणे. राज्याच्या वेबसाइटवर नाव घालून पाहिलं. परवाना नाहीच. दगड काय, आमच्या शेतात थोडे आहेत?

१५ मार्च
सापडली! इथंच, हार्डवेअरच्या दुकानावरच्या माडीत. परवाना पक्का. ब्रिटा नुगार्ड — लहानपणी ऑर्विलच्याच बसनं शाळेत जायची. ऐकताच हा उसळला. “माझ्या बसमध्ये ओकणारी पोरगी मला शहाणपण शिकवणार?” मी नंबर फ्रिजवर चिकटवला.

२ एप्रिल
नंबर फ्रिजवरच.

१९ एप्रिल
राहवलं नाही. बटाट्याचा हॉटडिश ओव्हनमधून काढला, तसाच गरम गरम ब्रिटाकडे नेला. रिकाम्या हातानं कुणाकडे काही मागायला जातात का! म्हटलं, तूच घरी येऊन बोल त्याच्याशी.

“मिसेस हाल्वर्सन, नियमानं मला हे भांडं घेता येत नाही,” म्हणाली, “आणि माणूस ओढूनही आणता येत नाही.” आपल्याकडे कोण येतं तेही ती सांगत नाही, म्हणे. येणारं माणूस बाहेर दिसलं, तर आपणहून ओळखसुद्धा दाखवत नाही — त्यानं हाक मारली तरच. अगं बाई, एवढ्याशा गावात असं तोंड शिवून फिरायचं!

हॉटडिश परत. ऑर्विलनं दोनदा वाढून घेतला.

११ मे
अग्निशमन दलाच्या शेडमध्ये पॅनकेकची न्याहारी. ब्रिटानं मला मिठी मारली, लव्हर्नला मारली. ऑर्विलच्या शेजारून मात्र खांबाशेजारून जावं तशी गेली. माझं सिरप ताटलीबाहेर सांडत राहिलं — म्हणजे हा तिच्याकडे...!

तेवढ्यात ऑर्विलनंच हात वर केला. अख्ख्या शेडला ऐकू जाईल असा ओरडला, “ए ब्रिटा! मंगळवारी येतोय गं मी — या वेळी गाडी चालवत!”