रुपचंदनानांचं खळं आणि त्यावरचा टॉवर

धुळे, माघ वद्य पंचमी, शके १८५७

तीर्थस्वरूप जीवराममामांस,

भाचा अभिमन याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मामींच्या गुडघ्याला उतार पडला असेल असं धरून चालतो. मी खुशाल आहे. फक्त तुम्ही जुळवत आणलेलं माझं लग्न मोडल्यात जमा आहे.

तुमच्या सांगण्याप्रमाणे रुपचंदनानांना, म्हणजे मुलीच्या वडिलांना, चौकातल्या घड्याळाच्या टॉवरखाली सकाळी दहाला भेटायचं होतं. मी दोंडाईचाहून आदल्या दिवशीच निघालो आणि साडेआठलाच हजर झालो (हे मामींना जरूर सांगा). पण एवढा उंच टॉवर समोर असताना खाली नुसतं बसायचं कसं? घड्याळाला तेल घालणारे लोटनभाऊ जिना चढत होते. मी त्यांची बुधली धरली आणि मागोमाग निघालो. मामा, आतून काचेतून पाहिलं तर काटे उलटे फिरतात! दुपारकडून सकाळकडे. त्यामुळे मला वेळ भरपूर वाटला, यात माझा दोष किती ते तुम्हीच ठरवा.

खाली आल्यावर पानवाल्या गिरधरला विचारलं, टॉवरच्या आधी इथं काय होतं? म्हणाला, खळं; ज्वारी मळायचे. (शेजारचा मिठाईवाला म्हणाला, हत्ती बांधायचे. धुळ्यात हत्ती कुठून, असं विचारल्यावर त्यानं मला शेव दिली नाही.) खळ्याच्या मालकानं, एका म्हाताऱ्यानं, जागा फुकट दिली म्हणे. अट एकच: घड्याळाचं एक तोंड माझ्या घराकडे पाहिजे. मला हसू आवरेना. बाकावर पागोटेवाले एक गृहस्थ होते, त्यांनाच म्हणालो, "पैज लावा नाना, त्या म्हाताऱ्याला घड्याळ कळतच नसेल!"

"नव्हतं कळत," ते म्हणाले. "मना आजा व्हता तो. पन तुमले तरी कळस का? मी दहापासून आठे बठेल शे."

वर पाहिलं. साडेअकरा. म्हणजे मुलीचे वडील दीड तास त्याच बाकावर माझी वाट बघत होते.

मी पायाला हात लावायला वाकलो, तोवर रुपचंदनाना चालू लागले होते. असो. मला लग्नाची तशी घाई नाहीच. उद्या एदलाबादला मुक्ताईचं देऊळ बघतो, पुढं पाय नेतील तिकडे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

आपला,
अभिमन

ता. क. एदलाबादला गेलो नाही. वर होतो तेव्हा लोटनभाऊंनी खिडकी उघडली होती. समोरच्या घराच्या धाब्यावर एक मुलगी पापड वाळत घालत होती. मला बघून ओरडली, "ओ घडीवाला भाऊ, तुमनी घडी पाच मिनिट मांगे शे!" (भाऊ म्हणाली ते मी मनावर घेतलेलं नाही.) ते घर नानांचं, हे गिरधरकडून नंतर कळलं. आणि नानांना मुलगी एकच, असं तुम्हीच म्हणाला होतात.

ता. क. दुसरा. पत्र अजून खिशातच आहे, आणि ती अजून मला घड्याळवालाच समजते. म्हणून मी रोज चढतो आणि तेल घालतो. मामा, मिळेल त्या मोटारीनं या आणि नानांची समजूत घाला. लोटनभाऊ म्हणतात, आणखी दोन दिवस तेल घातलं तर घड्याळ बंद पडेल.