पालथा मोर

रविवार, १२ जानेवारी
व्यापाऱ्यानं अण्णांना तीन डायऱ्या दिल्या, त्यातली एक माझ्याकडं आली. अण्णा म्हणजे थोरले भावजी. साड्यांचे माग त्यांच्या नावावर, डायरी बी त्यांचीच म्हणायची. पण लिवणार मी.

पूर्वाच्या मोबाईलात एक खेळ हाय. आपल्या जागी एक माणूस बनवायचं. नाक, केस, कपडे सगळं आपण निवडायचं आणि त्या गावात हिंडायला सोडायचं. जगातली दुसरी माणसं बी तिथं हिंडत असतात. लेक म्हणाली, "मम्मी, तू बी कर की एक." चाळिशीच्या बाईनं? म्हटलं, आण हिकडं.

पहिल्यांदा उंची वाढवून घेतली. घरात सगळ्यांत बुटकी मी, तिथं तरी नको. मग कपडे हुडकले. जीन हाय, चिलखत हाय, कुत्र्याचं तोंड हाय, शेपूट सुद्धा हाय. साडी न्हाय! वडगावात मागवाल्याच्या घरात बसून मी जीन घालून हिंडले. हे उद्यमबागेतल्या कारखान्यातनं आले, मोबाईल बघून म्हणाले, "ही कोण?" मी म्हटलं, "मी."

मंगळवार, १४ जाने. संक्रांत
हळदीकुंकू आवरून दुपारी जरा टेकले. खेळात गेले तर एक पंखवाला पोरगा समोर. मला काय सुचंना, लिवलं, तिळगूळ घ्या. तो मराठीतच, "गोड बोला! कुठल्या तुम्ही?"

पोरगा कुठला, निपाणीच्या रिटायर मुख्याध्यापिका निघाल्या. वय एकसष्ट. "गुडघे दुखतात हो, म्हणून पंख घेतले." मी एकटीच खदाखदा हसले. मग त्याच म्हणाल्या, "घरात माग म्हणता, आणि अंगावर हे काय? साडी कुठाय तुमची?"

बाईंचं बोलणं लागलं मला.

रविवार, १९ जाने.
पूर्वानं सगळं समजून घेतलं. कपडे आपल्या हातानं चितारता येतात म्हणे. उघडलेल्या खोक्यागत एक कागद असतो, पुढं, मागं, बाह्या, पाय. त्यावर चौकटी चौकटीनं रंगवायचं. म्हणजे साडी अर्धी शर्टात, अर्धी पँटीत. देवा.

पण चौकटी बघून हात शिवशिवले. सतरा वर्षं मी दुसरं काय करायलेय? लग्न होऊन आले त्या वर्षीपासनं घरातल्या प्रत्येक काठाचा, पदराचा ग्राफ माझ्या हातचा. चौकट चौकट भरायची. मग अण्णा कागद पंचिंगवाल्याकडं नेतात, तो पुठ्ठ्याला भोकं पाडतो, माग त्या भोकाप्रमाणं धागा उचलतो. साडी तयार झाली की घडीवर चिठ्ठी. चिठ्ठीवर अण्णांचं नाव. आमचा मोरकाठ खानापुरापर्यंत लोक नावानं मागतात, "अण्णांचा मोर" म्हणून.

कधी कुणाला बोलले न्हाय. पण लागतं. आज हितं लिवून टाकलं.

बुधवार, २९ जाने. अमावास्या
माग बंद. महिन्यात हा एकच दिवस, घरात बोललेलं ऐकू येतंय. अमावास्येला मागाला हात लावायचा न्हाय, धाग्याची कांडी सुद्धा भरायची न्हाय. म्हणून मला बी मोकळीक. सकाळपासनं पूर्वाच्या शेजारी बसून मोरकाठाची साडी काढली. हिरवी, काठ लाल. पदरावर बारीक अक्षरात माझं नाव. हौस!

चढवली माझ्या बाईच्या अंगावर आणि पूर्वा हसून लोळायला लागली. मोर सगळे उलट्या तोंडाचे. नाव आरशात वाचल्यागत. बाईंनी विचारलं, "ही कुठली लिपी हो?"

सवय, दुसरं काय. आमच्याकडं साडी पालथी विणतात, चांगली बाजू खाली. म्हणून ग्राफ उलटा काढायचा, खालनं सुलटा येतोय. सतरा वर्षांत हात तसाच वळलाय. मोबाईलाला कुठं पालथं उताणं कळतंय? सगळं परत काढलं. चारच्या चहापर्यंत झालं.

मग ती साडी खेळातल्या दुकानात टाकली, कुणी बी नेसू दे म्हणून. चित्राखाली आपोआप आलं, "निर्माती: मंगल."

तीनदा वाचलं. चहा गार झाला.

गुरुवार, ३० जाने.
सकाळी दोन नंबरच्या मागाची मोटार जळाली. धूर, वास. अण्णा ओरडायलेत, "काल अमावास्येला मागाला हात कुणी लावला?" कुणीच न्हाय. पूर्वा भाबडी, बोलून गेली, "मम्मीनं मोबाईलात साडी केली, मागाला न्हाय लावला."

झालं!

"अमावास्येला विणलीस?"
"अण्णा, मोबाईलला धागा न्हाय, धोटा न्हाय."
"तोंड बघ! विणलीस का न्हाय?"
"काढली. विणली न्हाय."

नारळ फोडायला लावला. फोडला. मोटारीच्या पाया पडले, बिचारी पंधरा वर्षं राबलीय. पण चुकलं म्हटलं न्हाय. मिस्त्री आला आणि म्हणाला, वायंडिंगच जुनं झालतं. ते अण्णांना ऐकू गेलं न्हाय. मला गेलं.

शुक्रवार, ७ फेब्रु.
माझी साडी लोक नेसायलेत! कोण कुठली, निळ्या केसांची, शिंगांची, एक तर सांगाडा. सांगाड्याला बी पदर शोभतोय. धारवाडकडची एक पोरगी कन्नडात म्हणाली, "सीरी चंद ऐती." म्हणजे साडी छान हाय. मी म्हटलं, मोर माझा हाय. माझा!

संध्याकाळी हे हळूच म्हणाले, "मला बी एक माणूस करून दे की." केलं. केस मागितले भरपूर. दिले. आता बाई, मी आणि हे असे तिघं तळ्याकाठी बसतोय. हे तिथं बी गप्पच.

रविवार, १६ फेब्रु.
आज वाजलं.

बाजारातल्या व्यापाऱ्याच्या लेकीनं तीच साडी खेळात नेसलीय. बापानं अण्णांना दाखवली, "काय ओ, तुमचा काठ फुकट वाटायलासा?" अण्णा तसेच तडक घरी. चप्पल सुद्धा काढली न्हाय.

"घराण्याचा काठ चव्हाट्यावर मांडलास? उद्या कोण बी उचलून विणतंय!"

ह्यात अण्णांचं चूक न्हाय. मागं आमचा कोयरीचा काठ कुणी तरी उचललाच होता, ते वर्ष लई वंगाळ गेलं. मी म्हटलं, "हे तुमचं खरं हाय. काढून टाकते मग." खरंच काढणार होते. मोबाईल हातात घेतलाच होता.

तर अण्णा म्हणतात, "काढू नको. व्यापारी म्हणायलाय, जाहिरात होतीय. फक्त ते नाव बदल. तुझं कशाला? दुकानाचं घाल."

म्हणजे चोरीची भीती नव्हतीच! माझ्या नावाची होती.

"न्हाय घालणार."
"काय म्हणालीस?"
"काठ मी काढला, नाव माझं. साडी खेळातनं काढायची असंल तर आत्ता काढते. नाव न्हाय बदलणार."

हे दारात उभे. "कशाला वाद..." म्हणाले. मी नुसतं बघितलं त्यांच्याकडं.

अण्णा म्हणाले, "अमावास्येपर्यंत विचार कर. आणि लग्नसराईचा पदर पायजे, त्याचा ग्राफ बी त्याच दिवशी दे." ग्राफ अमावास्येला चालतोय वाटतं. मोबाईल तेवढा चालत न्हाय.

शनिवार, २२ फेब्रु.
राग जाईना. भाकरी थापताना बी तेच. पूर्वाला उगीच ओरडले, मग तिला जवळ घेतलं.

बाईंना सगळं सांगितलं तळ्याकाठी. वाटलं म्हणतील, जाऊ दे, घरात नमतं घ्यावं. तर म्हणतात, "मी नोकरीभर बायकांना सही करायला शिकवली. अंगठा पुसून सही. आणि तुम्हाला सही येते, तर ती करायला भ्यायलाय?"

भ्यायलेय व्हय. हेच्यात राहायचंय मला, ह्याच घरात, ह्याच चुलीवर. अण्णा वाईट न्हाईत. पूर्वाची फी त्यांनी भरली, ह्यांच्या आजारपणात रात्रंदिवस तेच होते. म्हणून तर सतरा वर्षं गप बसले. पण उपकार वेगळे आणि मोर वेगळा.

दुपारी हे सुट्टी टाकून आले. ग्राफाचा कागद आणि दोन नव्या पेन्सिली ठेवल्या पुढ्यात. म्हणाले, "काढ तुला पायजे तसा." एवढंच बोलले. आमच्यात हे लई झालं.

गुरुवार, २७ फेब्रु. अमावास्या
माग बंद. अण्णा जेवणाआधी आले. "नाव बदललंस?"

"न्हाय. खेळातलं हाय तसं हाय."

तोंड लाल. पण पदर पायजे होता, व्यापारी वाट बघायलाय. हात पुढं केला. मी कागद दिला. पाच दिवस मान मोडून काढलाय. मोठा एकच मोर, पिसारा पसरलेला. असा आजवर मी काढला न्हाय, आणि ह्या गल्लीत कुणी काढत न्हाय. कात्री बी शेजारी ठेवली.

अण्णांनी कागद हिकडनं बघितला, तिकडनं बघितला. मागावर जन्म गेलेलं माणूस, मोराचं मोल ओळखलं त्यांनी. डोळ्यांत दिसलं. मग बोट पिसाऱ्यावर थांबलं.

"पिसांत ह्ये काय खरडलंयस?"
"नाव."
"कुणाचं?"
"जिनं काढला तिचं."
"वाचाय येईना की."
"मागावर चढवा, येतंय वाचाय."

हे आत ताट वाढून घेत होते, हातातली पळी थांबली.

अण्णांनी कात्रीकडं बघितलं. मी म्हटलं, "कापायचं तर कापा. पिसंच त्या अक्षरांची हायत. नाव गेलं की पिसारा गेला. बोडका मोर लग्नात कोण नेसतंय बघू."

अण्णांनी कागदाची घडी केली, वरच्या खिशात घातली आणि जेवण न करता गेले.

उद्या पंचिंगवाल्याकडं नेतात का चुलीत घालतात, काय सांगावं. कात्री तेवढी हितंच ठेवून गेलेत.