पुस्तक माझे, तोवरच प्रत माझी

मी, श्रीमती चारुलता विश्वंभर सबनीस, वय ७६, निवृत्त ग्रंथपाल, राहणार कारेलीबाग, बडोदे. डोळ्यांचा पडदा निकामी झाला असला तरी डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र शेजारच्या अवंती दिघे यांच्याकडून लिहवून घेत आहे. आधीचे रद्द समजावे.

१. राहता फ्लॅट माझा मुलगा अॅड. उन्मेष यास द्यावा. न दिल्यास तो दावा लावेल आणि तारखांवर तारखा घेईल.

२. माझ्या मालकीची ४१२ पुस्तके होती. प्रत्येकावर माझा शिक्का व दाखल क्रमांक. नोकरीतली खोड घरीही सुटली नाही. छापील अक्षर दिसेनासे झाले तेव्हा नात ओवी हिने त्यांतल्या १६७ पुस्तकांच्या प्रती टॅबवर डाउनलोड करून दिल्या. अक्षर पावट्याएवढे करून मी पुन्हा वाचू लागले. नियम माझाच होता: कपाटात पुस्तक असेल त्याचीच प्रत घ्यायची, आणि तिला तोच दाखल क्रमांक द्यायचा.

३. यावर उन्मेषने पाहुण्यांसमोर मला सुनावले, "आई, ही चक्क चोरी आहे. कागद तुझा, मजकूर तुझा नाही." कायदा सर्वस्वी माझ्या बाजूचा आहे असे मी म्हणत नाही. पण दृष्टी अधू असणाऱ्यांना कायदा काही सूट देतो, हे या विद्वानाने सांगितले नाही. ते ओवीने शोधले.

४. मी डोळ्यांच्या इस्पितळात दोन दिवस होते. तेवढ्यात याच कायदेपंडिताने दिवाळीच्या साफसफाईत सगळी पुस्तके पस्तीवाल्याला, म्हणजे रद्दीवाल्याला, वजनावर दिली. मला न विचारता. वर म्हणाला, "तुझं सगळं टॅबमध्ये आहेच ना!" म्हणजे मी प्रत वाचली तर चोरी, आणि याला कपाट रिकामे हवे असले की तीच प्रत पुरेशी. अशी अक्कल सनदेबरोबर मिळत असावी.

५. पुस्तके गेली, तेव्हा प्रतींवरचा हक्कही गेला. मी त्या १६७ प्रती स्वतःच्या हाताने डिलीट केल्या. ओवी रडत म्हणाली, "आजी, कोणाला कळणार आहे?" दाखल नोंदवही मी ठेवते, मला कळणार. मग ती पाणीगेटला पस्तीवाल्याकडे धावली आणि नऊ पुस्तके परत घेऊन आली. बाकीच्यांबद्दल तो म्हणाला, "बेन, अडधो माल मिलमां गयो, अडधो शुक्रवारी बजारमां." म्हणजे अर्धी पुस्तके कागद गिरणीत लगद्याला, अर्धी दर शुक्रवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात. त्या नऊ पुस्तकांच्या प्रती तेवढ्या पुन्हा घेतल्या.

६. ही नऊ पुस्तके, त्यांच्या प्रती व टॅब ओवीला एकत्रच द्यावीत. तिने पुस्तक कोणाला दिले, तर प्रत पुसावी. रिकामे कपाट उन्मेषला. त्यात त्याने कायद्याची पुस्तके ठेवावीत आणि जमल्यास उघडावीत.

७. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडायचे असते. परंतु मला न विचारता माझ्या कपाटाला हात घालणारा हे पाकीटही आधीच उघडणार, म्हणून लिहिते. उन्मेष, दाखल क्रमांक २०३ ची शेवटची चाळीस पाने माझी वाचायची राहिली आहेत. ते आता छापले जात नाही. प्रत ओवी दोन मिनिटांत घेईल, पुस्तक मात्र तुला शोधून आणावे लागेल. शुक्रवारी बाजारात जा. मी अजून जिवंत आहे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. एकही शब्द मऊ न करता सही करत आहे.

सही: चारुलता वि. सबनीस

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
१. सुभानराव माने, रावपुरा
२. स्नेहलता गुप्ते, कारेलीबाग

बडोदे, दि. १२ डिसेंबर २०२५