डोंगरावर घेतलेलं नाव

जिचं नाव इथे घ्यायचं नाही, तिला,

आकिता शहरातलं कॉलेज सोडून गावी आलो तेव्हा तुझे बाबा म्हणाले, "आधी अस्वलासमोर उभा राहून दाखव, मग पोरगी माग." शिकारीला निघताना बर्फाच्या पाण्याने अंघोळ घालून बजावलं, "डोंगराची देवी मत्सरी आहे. शिकारीत बाईचं नाव काढलंस, तर टोळीतून बाहेर."

अस्वल अंगावर आलं आणि मी तुझंच नाव ओरडलो. गोळी बाबांनी घातली.

अस्वलाचं डोकं उत्तरेला करून, सोललेलं कातडं त्याच्यावर उलटं पांघरून त्यांनी त्याच्या आत्म्याला निरोप द्यायचा मंत्र म्हटला. तेवढ्यात टोळीतला गेनपाचीकाका खेकसला, "हा कुणाच्या नावाने बोंबलला रे?"

"नाव कसलं? भेदरून किंचाळला गाढव!" बाबा देवीसमोर खोटं बोलले.

सगळे हसले. माझ्या मुठी वळल्या. पण मांसाचा माझा वाटा बाबांनी सगळ्यांएवढाच घातला.

कुणी वाचलं तर बाबांचं खोटं उघडं पडेल, म्हणून हे पत्र आता चुलीत जाईल. मी खाली गावात आलो की त्यांचं ऐकून तूही मला भित्रा म्हणशील. म्हण.

तुझा भित्रा,
तेइजी