टाकी क्रमांक तीनमधील जास्तीच्या पाकाचा खुलासा

प्रति,
मा. गोड पेये नियंत्रण अधिकारी,
सार्वजनिक आरोग्य विभाग

विषय : सरबत कारखान्याला ठोकलेले सील काढण्याबाबत, तसेच अर्जदाराच्या जिभेबाबत.
संदर्भ : आपल्या निरीक्षकांचा पंचनामा, टाकी क्रमांक तीन.

महोदय,

१. अर्जदार सदर कारखान्यात सव्वीस वर्षे चव पाहण्याच्या कामावर आहे. त्याने मान हलवल्याशिवाय एकही बाटली बाहेर पडत नाही. शंभर मिलीत साखर पाच ग्रॅमच असावी, असा आपला आदेश आला. मालकांनी तो शिरसावंद्य मानून नवे मिश्रण तयार केले. अर्जदाराने ते चाखले आणि तोंड वाकडे केले. ते सरबत म्हणजे फळे धुतलेले पाणी आहे, हे त्याचे मत तेव्हाही होते.

२. नमुना घ्यायला आलेले निरीक्षकसाहेब बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात गुंतले होते. रिवाजाप्रमाणे अर्जदाराने बाटल्या भरण्यापूर्वीचा शेवटचा घोट टाकीतून घेतला. जिभेने नकार दिला आणि सवयीच्या हाताने पाकाचा नळ सोडला. चव बरोबर लागल्यावर नळ बंद केला, मान हलवली, नमुना भरला गेला. त्यात साखर निघाली अकरा ग्रॅम. पंचनाम्यात ‘हेतुपुरस्सर’ असा शब्द आहे. हेतूला डोके लागते. इथे डोक्याला कोणी विचारलेच नाही.

३. तेव्हापासून चाळीस माणसे घरी बसली आहेत. महिना असाच गेला तर कारखाना कायमचा बंद करू, असे मालकांनी कळवले आहे. पाक शिजवणारा अर्जदाराचा मेहुणा त्याला पाहून रस्ता ओलांडतो. बाटल्या धुणाऱ्या मावशींनी तर भर बाजारात सुनावले, “भाऊ, तुमची जीभ गोड झाली, आमचं तोंड कडू झालं!” अर्जदाराला खाली बघून निघून यावे लागले.

४. सबब दोषी जीभ आहे, कारखाना नव्हे. आपण जिभेला सील ठोकावे. अर्जदार आपल्या कार्यालयात तोंड उघडून हजर राहील. लाखेऐवजी चिकटपट्टी चालल्यास उपकार होतील. तसेच, अर्ध्या ग्रॅमचा फरक ओळखणारी जीभ फसवता येत नाही, आणि लोकांच्या जिभाही अशाच असतात. म्हणून मर्यादेचा आदेशच मागे घ्यावा, ही मुख्य मागणी...

५. वरील मुख्य मागणी रद्द समजावी. कारण असे की, अर्जदार सांगत होता आणि पत्नी सुवाच्य अक्षरात लिहून घेत होती. इथे तिने पेन खाली ठेवले आणि ती पोट धरून हसू लागली. अर्जदारास मधुमेह आहे. डॉक्टरांनी सांगितल्यापासून ती त्याच्या चहातली साखर चिमूट चिमूट कमी करत आली. गेले तीन महिने चहात साखरच नाही. अर्जदार रोज दोन कप पितो आणि “वा, आज जमलाय!” म्हणतो.

६. अर्जदारास आधी राग आला, मग लाज वाटली. इतके दिवस ती एका शब्दाने बोलली नाही. शासकीय अर्जात असे लिहिण्याची पद्धत नाही, तरी नोंद व्हावी.

७. तरी सील काढून, नवी टाकी भरून फेरनमुना घ्यावा, ही विनंती. त्या दिवशी अर्जदार फाटकाबाहेर उभा राहील. शेवटचा घोट घेऊन मान हलवायला पत्नीला आत सोडावे. हे वाक्य तिने मुकाट्याने लिहून घेतले आहे, म्हणजे ती तयार आहे.

आपला नम्र, व नकळत बिनसाखरेचा,
चव पाहणारा
(सही)

दिनांक : कारखाना बंद झाल्याचा एकोणिसावा दिवस

सोबत :
१) डॉक्टरांची चिठ्ठी.
२) एकोणचाळीस कामगारांच्या सह्या. मेहुण्याची सही, तो बोलू लागल्यावर, स्वतंत्र पाठवली जाईल.