शनिवारचे शटर कोणाच्या हाती

मी, शांतवन येशुदास बोरकर, धर्माने ख्रिस्ती, धंद्याने टायर-पंक्चरवाला, इयत्ता चौथी उत्तीर्ण, राहणार मौजे जाम, तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा, कोणाच्याही दडपणाशिवाय व पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. झोप मात्र लागत नाही. त्याचे कारण कलम तीनमध्ये येईल. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी स्वतः फाडले आहे.

कलम १. राहते घर पत्नी देवकाबाई हिला पूर्ण मालकीने द्यावे. ‘आई, नावावर करून दे’ हे वाक्य मुलगा सुमंत याने तिच्यासमोर उच्चारू नये.

कलम २. माझे पाने, हातोडे व टायर उचकटण्याच्या पहारी कामगार गोपाल, राहणार अल्लीपूर, यास द्याव्यात. तो हिंदू आहे, पण वस्तू जागेवर ठेवतो. सुमंतने ही सवय लावून घेतली असती तर हे कलम वेगळे झाले असते.

कलम ३. जाम चौरस्त्यावरील दुकान, कॉम्प्रेसरसह, सुमंतला. वाद येथेच आहे.

हे दुकान शुक्रवारी सूर्य मावळताच बंद होते व शनिवारी सूर्य मावळल्यावर उघडते. देवाने सातव्या दिवशी, म्हणजे शनिवारी, विसावा घेतला व तो दिवस पाळण्याची आज्ञा केली. दहा आज्ञांपैकी ती चौथी. चोरी करू नको ही आज्ञा आजही चालू आणि चौथी तेवढी बाद, हे कोणी व कधी ठरवले, याचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही. बैल खड्ड्यात पडला तर तो शब्बाथ दिवशीही, म्हणजे या विसाव्याच्या दिवशीही, बाहेर काढावा, हे प्रभूचे शिक्षण मला मान्य आहे. म्हणून आजारी माणूस किंवा जनावरे असलेल्या गाडीचे चाक मी शनिवारीही काढून दिले. सिमेंटचे ट्रक परत पाठवले. संत्र्यांच्या ट्रकबाबत माझा निर्णय अजून झालेला नाही.

फाडलेल्या मृत्युपत्रात अट होती की, शनिवारी शटर उघडल्यास दुकान सुमंतचे राहणार नाही. ती वाचून दाखवण्यासाठी मी गेल्या रविवारी संध्याकाळी आमच्या चर्चचे पाळकसाहेब अनुग्रह लोंढे यांना घरी बोलावले. सुमंत व गोपालही बसले होते.

सुमंत म्हणाला, “बाबा, प्रभू मेलेल्यातून रविवारी उठला. सारी मंडळी रविवारी जमते. शनवार यहुद्यायचा होय, आपला नाई.”

मी विचारले, “मग उपासना झाली का रविवारी दुपारी तुले शटर काऊन उघडावं वाटते?”

“गिऱ्हाईक थांबून राह्यते ना.”

“म्हणजे तुले शनवारही नाई पायजे अन् रविवारही नाई.”

“मले दुकान पायजे, बाबा.”

पाळकसाहेबांनी समजावले की, शब्बाथ ही सावली होती. ख्रिस्त स्वतः आल्यावर सावली धरून बसू नये. वारावरून कोणी कोणाचा न्याय करू नये. विश्वासणाऱ्याला त्याच्या ठायी रोजच विसावा आहे. मी म्हणालो, “रोज विसावा आहे म्हणणारा माणूस एक दिवसही बसलेला मी पाहिला नाही.” पाळकसाहेब हसले. मी हसलो नाही.

गोपाल हळूच बोलला, “काका, मले शास्त्र समजत नाई. पण शनवार गेला त मी मायले भेटाले कवा जाऊ?”

“ऐका,” मी म्हणालो, “त्या दिवशी कोणी काम करू नये, त्या आज्ञेतल्या यादीत चाकरही आहे, परकाही आहे. हा दोन्ही आहे.”

तेव्हा देवकाबाई चहाचे कप घेऊन आली होती. ती कप हातातच धरून म्हणाली, “पोरगा हाये, पोरगी हाये, चाकर हाये, बैल हाये, दारातला परका हाये. बायको कुठं हाये, थे दाखवा.”

पाळकसाहेब म्हणाले, “बाई, ‘तू’ म्हटलं की त्यात बायकोही आली.”

“मंग शनवारच्या भाकरी कोन्त्या ‘तू’नं थापल्या?”

मी म्हणालो, “आदल्या दिवशी करून ठेवता येतात.”

“हो! बैलालेही सांगून पाहा, उद्या बसायचं हाये त आज दोन वावरं नांगर.”

सुमंत खोखो हसला. त्याने हसण्याचे कारण नव्हते. भाकरी तोही खातो.

त्या दिवसापासून मी ती आज्ञा पुन्हा पुन्हा वाचत आहे. चष्मा पुसून वाचली. बायको नाही. रात्री उठून अंगणात फिरतो, परत येऊन वाचतो. यावरून मी चूक कबूल केली असा अर्थ कोणी काढू नये. आज्ञा बरोबर आहे. या घरात तिची अंमलबजावणी अपुरी राहिली, एवढेच.

सबब अट अशी: दुकान आठवड्यातून एक पूर्ण दिवस, सूर्यास्तापासून सूर्यास्तापर्यंत, बंद राहील. तो वार देवकाबाई ठरवील. शटरची किल्ली तिच्याजवळ राहील. त्या दिवशी गोपाल घरी जाईल आणि घरातील चूल पेटणार नाही. त्या दिवसाचा स्वयंपाक आदल्या दिवशी घरातील पुरुषांनी करावा. सुमंतने ही अट मोडल्यास दुकान देवकाबाईचे होईल. तिच्यानंतरही वार तिचाच चालेल. तिने रविवार निवडल्यास माझ्याजवळ उपाय नाही. माझे मत शनिवार हेच आहे आणि ते येथे लिहून ठेवले आहे.

कलम ४. माझे दफन शनिवारी करू नये. कबर खोदणाऱ्यालाही हात आहेत. मरण शुक्रवारी आल्यास व उन्हाळा असल्यास बर्फ आणावा. बर्फ विकणाऱ्याच्या शब्बाथाचे काय, हा प्रश्न मला आत्ताच सुचला. त्यावर मंडळीने विचार करावा.

कलम ५. तिने कोणता वार ठरवला, हे मी आज सकाळी देवकाबाईला विचारले. ती म्हणाली, “पह्यले एक शनवार बसून पाह्यतो. मंग सांगतो.” आज शुक्रवार आहे. ऊन चिंचेच्या शेंड्यावर गेले आहे, त्यामुळे पुढील कलमे लिहिण्यास वेळ नाही. उद्याच्या भाकरी अजून व्हायच्या आहेत. पिठात पाणी किती घालायचे, हे मी तिला आतूनच विचारले. तिने ओसरीवरून, जागची न उठता, उत्तर दिले आहे:

“पह्यले हात धुवा.”

येणेप्रमाणे लिहिले, वाचून पाहिले व साक्षीदारांसमोर सही केली.

शांतवन येशुदास बोरकर

साक्षीदार:
१. सदाशिवराव नामदेवराव ढगे, शेजारी, जाम
२. अनुग्रह लोंढे, पाळक (सहीपुरता साक्षीदार, वाराबाबत सहमत नाही. भाकरीबाबत आहे.)

गोपाल लाभार्थी असल्याने त्याची सही घेतली नाही. तो अल्लीपूरच्या गाडीने गेला.

स्थळ: जाम
शुक्रवार, दिनांक २० फेब्रुवारी २०२६, सूर्यास्तापूर्वी